कोंबडीला काही होत नाही, म्हणूनच तपासणी हवी

मांसासाठी वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी पाच-सहा आठवड्यांत विक्रीला तयार होते. एवढ्याशा आयुष्यात तिच्या आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू शिरला, तरी तिला त्याचा सहसा काही त्रास होत नाही. ती खाते, पाणी पिते, वजन धरते. शेडमधली मरतूक वाढत नाही, किती दाण्यात किती वजन आले हा हिशेबही फारसा हलत नाही. तिच्या आतड्यातल्या एका ग्रॅम विष्ठेत मात्र या जंतूंची संख्या दशलक्षांच्या घरात, कधी त्याहून कितीतरी वर गेलेली असते. माणसाला आजारी पाडायला त्यातले काहीशे पुरतात.

राणीखेत किंवा गंबोरो यांसारखा कोंबड्यांचा रोग शेडमध्ये शिरला तर पाळणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. पक्षी गळून बसतात, दाणा उरायला लागतो, सकाळी मेलेले पक्षी गोळा करावे लागतात. नुकसान त्याचे स्वतःचे असते, म्हणून डॉक्टर येतात, लस येते, पुढच्या बॅचला जास्त खबरदारी घेतली जाते. कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला या दुसऱ्या एका जंतूचे बहुतेक प्रकार यांच्या बाबतीत हे काहीच घडत नाही. पक्षी ठणठणीत, पाळणाऱ्याचा तोटा नाही, कंपनीचा तोटा नाही. आजारी पडतो तो ते मांस हाताळणारा किंवा खाणारा. कॅम्पिलोबॅक्टरच्या बाबतीत तोही बहुधा दोन ते पाच दिवसांनी, म्हणजे ती कोंबडी कुठल्या शेडमधून आली होती हे शोधणे जवळजवळ अशक्य झाल्यावर.

इतिहास पाहिला की हा फरक डोळ्यांत भरतो. पुलोरम हा साल्मोनेलाच्याच एका प्रकारामुळे होणारा रोग, पण तो कोवळी पिल्ले मारतो. अमेरिकेत तो हटवण्यासाठी १९३५ मध्येच राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पैदाशीच्या कोंबड्यांचे रक्त तपासायचे आणि बाधित कळप बाजूला काढायचे, अशी साधी पद्धत होती. उद्योगाने साथ दिली आणि काही दशकांत व्यावसायिक कळपांतून हा रोग जवळपास नाहीसा झाला. कॅम्पिलोबॅक्टरमुळे माणसांना जुलाब होतात हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले होते. युरोपीय संघात सोललेल्या ब्रॉयलरवर या जंतूची मर्यादा लागू व्हायला मात्र १ जानेवारी २०१८ उजाडावा लागला. कॅम्पिलोबॅक्टरला रोखणे तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, हे खरेच. पण चाळीस वर्षे लागण्याचे मुख्य कारण, माझ्या मते, एवढेच की कोंबडी मरत नव्हती.

म्हणून कोंबड्यांमधल्या या जंतूंवर लक्ष ठेवण्याचे काम बाजारावर सोडता येत नाही. ते सार्वजनिक आरोग्याचे काम आहे. नुसती तपासणी मागून मात्र मी थांबणार नाही. जगात तपासण्या पुष्कळ होतात, तक्ते भरले जातात, वार्षिक अहवाल निघतात आणि पुढच्या वर्षी तेच आकडे पुन्हा छापले जातात. शेडमधला निकाल ज्याच्या हातात निर्णय आहे त्याच्यापर्यंत वेळेत पोचतो का, आणि पोचल्यावर त्याला काही करणे भाग पडते का, यावर सगळे ठरते. जिथे हे दोन्ही झाले तिथे माणसांचे आजार घटले. जिथे झाले नाही तिथे मोजणी चालूच राहिली, आणि आजारही.

आधी नेहमीच्या उत्तराबद्दल. मांस नीट शिजवा, कच्ची कोंबडी धुऊ नका, तिचे पाणी कोशिंबिरीवर उडू देऊ नका. हा सल्ला बरोबर आहे. पुरेशा उष्णतेने हे दोन्ही जंतू मरतात. पण त्यातून सगळी जबाबदारी साखळीतल्या शेवटच्या माणसावर येते, आणि तो ती पूर्ण पेलू शकत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्ये मांडलेला अंदाज असा आहे: माणसांना होणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरच्या आजारांपैकी २० ते ३० टक्के ब्रॉयलरचे मांस हाताळण्या-खाण्यातून येतात, पण कोंबड्यांमधल्या एकूण साठ्याशी ५० ते ८० टक्के आजारांचा संबंध असू शकतो. या दोन आकड्यांमधले अंतर स्वयंपाकघरात भरून निघत नाही. शेडमधून निघालेले लिटर (पक्ष्यांखाली अंथरलेला भुसा आणि त्यात मिसळलेली विष्ठा), सांडपाणी, माश्या, माणसांचे बूट, वाहने अशा अनेक वाटांनी जंतू बाहेर पडतो. जो कोंबडी खातच नाही त्याच्यापर्यंतही तो पोचू शकतो.

याचा एक पुरावा कुणी न ठरवता झालेल्या प्रयोगातून मिळाला. १९९९ मध्ये बेल्जियममध्ये पशुखाद्यात डायॉक्सिन हे विष मिसळल्याचे उघड झाले आणि जून महिन्यात देशात तयार झालेली कोंबडी व अंडी बाजारातून काढून घेण्यात आली. कारण वेगळेच होते, जंतूंशी त्याचा संबंध नव्हता. तरीही त्या आठवड्यांत कॅम्पिलोबॅक्टरचे नोंदवलेले रुग्ण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाले. लोकांनी एकाएकी हात जास्त धुवायला सुरुवात केली नव्हती. कोंबडीच बाजारात नव्हती.

आता तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जरा जवळून पाहू, कारण ती फार खर्चिक आणि क्लिष्ट असते असा एक समज आहे. साल्मोनेलासाठी युरोपात कत्तलीआधीच्या तीन आठवड्यांत प्रत्येक कळपाचा नमुना घेतात. शेडच्या दारात माणूस बुटांवर शोषक कापडाचे ओलावलेले मोजे चढवतो आणि लिटरवरून, फीडर-ड्रिंकरच्या ओळींमधून, शेडचा प्रत्येक भाग येईल असा चालत जातो. निम्म्या शेडमध्ये एक जोडी, उरलेल्या निम्म्यात दुसरी. हजारो पक्ष्यांची विष्ठा त्या मोज्यांना लागते. एकाही पक्ष्याला हात लावावा लागत नाही. मोजे पिशवीत बंद होऊन प्रयोगशाळेत जातात. तिथे त्यांना पोषक द्रावणात रात्रभर ३७ अंशांवर ठेवतात, मग त्याचे थेंब एका अर्धवट घट्ट जेलीवर टाकून ती ४१.५ अंशांवर ठेवतात. साल्मोनेला असेल तर तो त्या जेलीतून पोहत बाहेर सरकतो आणि थेंबाभोवती धुरकट पांढरे वलय पसरते. वलयाच्या कडेचा कण लाल माध्यमाच्या प्लेटवर ओढला की दुसऱ्या दिवशी काळ्या ठिपक्यांच्या वसाहती उठतात. पुढे खात्री करणे आणि प्रकार ओळखणे. चार-पाच दिवसांचे काम, साध्या सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत होणारे.

कॅम्पिलोबॅक्टरचे तंत्र वेगळे आणि जास्त नाजूक आहे. हा जंतू कोरडेपणा सोसत नाही आणि हवेतला नेहमीचा ऑक्सिजनही त्याला सोसवत नाही. मोजे वाटेत सुकले तर शेड बाधित असूनही प्रयोगशाळेत काही उगवत नाही आणि कागदावर ‘आढळला नाही’ अशी नोंद होते. ताजी विष्ठा हवी, ती थंड ठेवून लवकर पोचवायला हवी, वाढवताना ऑक्सिजन कमी केलेली हवा आणि कोंबडीच्या शरीराइतकी ऊब हवी. नमुना घेणाऱ्याला हे शिकवलेले नसेल तर अख्खा कार्यक्रम खोटा दिलासा देत राहतो. अशा खोट्या दिलाशापेक्षा तपासणी न झालेली परवडली, कारण निदान कुणी निर्धास्त तरी होत नाही.

वेळेचा प्रश्न त्याहून कठीण आहे. ब्रॉयलरच्या पिल्लांमध्ये पहिले दोन-तीन आठवडे कॅम्पिलोबॅक्टर सहसा सापडत नाही. मग कधीतरी एखाद्या पक्ष्यात तो शिरतो आणि काही दिवसांत जवळजवळ सगळा कळप बाधित होतो. तिसऱ्या आठवड्याला घेतलेला नमुना निर्दोष आला म्हणून पाचव्या आठवड्याला ते पक्षी निर्दोष असतील असे नाही. फार उशिरा नमुना घेतला तर निकाल येईपर्यंत पक्षी कापून, विकून, खाऊन झालेले असतात. त्यात भर म्हणजे उचलीची पद्धत. पुष्कळ ठिकाणी शेडमधले पक्षी एकदम उचलत नाहीत. काही आधी नेतात, बाकीच्यांना मोकळी जागा मिळून ते आणखी आठवडाभर वाढतात. पहिल्या उचलीला पकडणारी टोळी येते, क्रेट येतात, गाडी येते. हे सगळे आदल्या दिवशी दुसऱ्याच फार्मवर फिरून आलेले असते. मागे राहिलेल्या पक्ष्यांना जंतू लागण्याची ही मोठी संधी ठरते, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. पहिल्या उचलीपूर्वीचा निकाल दुसऱ्या उचलीच्या पक्ष्यांना लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे. तपासणीचे वेळापत्रक कार्यालयाच्या सोयीने ठरू नये, ते कळपाच्या आयुष्यावरून ठरावे, असा आग्रह मी धरतो तो यासाठी.

निकाल निर्णयाशी बांधला की काय होते हे आइसलँडने दाखवले. तिथे ताजी, न गोठवलेली कोंबडी विकायला परवानगी मिळाल्यावर कॅम्पिलोबॅक्टरचे रुग्ण झपाट्याने वाढले. १९९९ मध्ये देशांतर्गत लागणीचे प्रमाण लाखामागे सुमारे ११६ पर्यंत गेले. मग कत्तलीआधी कळप तपासण्याची व्यवस्था झाली आणि एक साधा नियम आला: कळप बाधित निघाला तर त्याचे मांस गोठवूनच विकायचे. गोठवल्याने जंतू पूर्ण मरत नाहीत, पण त्यांची संख्या दहापटीने किंवा त्याहून जास्त घटते. गोठवलेल्या मालाला भाव कमी, त्यामुळे कळप स्वच्छ ठेवण्यात उत्पादकाचा थेट फायदा दिसू लागला. जोडीला शेडची स्वच्छता सुधारली, लोकांनाही माहिती दिली गेली. २००० मध्ये ते प्रमाण लाखामागे सुमारे ३३ वर आले. एका वर्षातल्या या घसरणीचे श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. पण शेडमधल्या नमुन्याचा निकाल आणि मालाची पुढची वाट यांच्यात थेट दोरी बांधली गेली होती, हे या व्यवस्थेचे मर्म होते.

न्यूझीलंडची गोष्ट मोठ्या प्रमाणावरची. या शतकाच्या सुरुवातीला कॅम्पिलोबॅक्टरच्या नोंदवलेल्या रुग्णांचे तिथले प्रमाण जगात सर्वाधिक समजले जात होते: २००२ ते २००६ या काळात दरवर्षी सरासरी लाखामागे सुमारे ३५०. मॅसी विद्यापीठाच्या संशोधकांनी मनावातू भागात रुग्ण, कोंबड्या, गुरे आणि पाणी यांतले जंतू एकाच वेळी गोळा करून त्यांचे जनुकीय प्रकार जुळवून पाहिले. माणसांत वारंवार सापडणारा एक प्रकार कोंबडीच्या मांसातही मोठ्या प्रमाणावर निघाला. त्यामुळे वादाला जागा उरली नाही. सरकारने कत्तलखान्यांवर बंधन घातले: सोललेल्या कोंबड्यांवरचे जंतू नियमित मोजायचे, ठरलेल्या मर्यादेच्या आत राहायचे, आणि पुन्हा पुन्हा मर्यादा ओलांडली तर कारवाई टप्प्याटप्प्याने कडक होत जाणार. २००८ मध्ये रुग्णांचे प्रमाण लाखामागे सुमारे १६० वर, म्हणजे निम्म्याहून खाली आले. पुढच्या वर्षांत गियाँ-बारे सिंड्रोममुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्याही घटल्याचे दिसले. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर हल्ला करते आणि माणसाचे हातपाय लुळे पडतात. कॅम्पिलोबॅक्टरच्या संसर्गानंतर तो क्वचित, पण निश्चितपणे होतो. ‘दोन दिवसांचे जुलाब, त्यात काय एवढे’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

युरोपीय संघाचा अनुभव याच्या शेजारी ठेवून पाहा. २००८ मध्ये तिथे सदस्य देशांत एक मोठी पायाभूत पाहणी झाली. ब्रॉयलरच्या ७१ टक्के बॅचमध्ये आतड्यात कॅम्पिलोबॅक्टर सापडला, सोललेल्या कोंबड्यांवर जवळजवळ ७६ टक्के. काम उत्तम, पद्धत काटेकोर, आकडे कुणालाही खुले. आणि मर्यादा लागू झाली दहा वर्षांनी. मधल्या काळात दरवर्षी लाखो लोकांच्या आजाराची नोंद होत राहिली. या पाहणीत काम करणाऱ्या शास्त्रज्ञांचा मी आदरच करतो. दोष मोजणाऱ्यांचा नव्हता.

काय मोजायचे, हाही हवा तितका चर्चिला न जाणारा प्रश्न आहे. अमेरिकेत सोललेल्या कोंबड्यांवर साल्मोनेला आहे की नाही एवढेच कित्येक वर्षे पाहिले गेले. तो सापडण्याचे प्रमाण उतरत गेले आणि प्रत्येक कत्तलखान्याचा दर्जा सुधारलेला दिसला. माणसांमधले साल्मोनेलाचे आजार मात्र त्या प्रमाणात घटले नाहीत, हे तिथल्या कृषी विभागानेच मान्य केले. याचे एक कारण असे की साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त प्रकार आहेत आणि माणसाला त्यातले मोजकेच प्रकार वारंवार आजारी पाडतात. शिवाय कोंबडीवर जंतू दहा आहेत की दहा हजार, यानेही फरक पडतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ या उत्तरात हे दोन्ही हरवते. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या विभागाने जंतूंची संख्या आणि धोकादायक प्रकार या दोन्हींवर आधारलेला नियम प्रस्तावित केला. एप्रिल २०२५ मध्ये तो मागे घेण्यात आला. ज्या व्यवस्थेला आपल्या मोजमापातली खोट स्वतःला कळली होती, तिनेच ती दुरुस्ती सोडून द्यावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

युरोपातही प्रकारांनी असाच चकवा दिला. २००५-०६ च्या पाहणीत तिथे जवळपास २४ टक्के ब्रॉयलर कळपांत साल्मोनेला होता. मग एन्टेरिटिडिस आणि टायफिम्युरियम या दोन प्रकारांसाठी लक्ष्य ठरले: वर्षभरात बाधित कळप एक टक्का किंवा त्याहून कमी. बहुतेक देशांनी ते गाठले आणि हे खरोखरच मोठे यश होते. पण दरम्यान इन्फँटिस नावाचा तिसराच प्रकार ब्रॉयलरमध्ये पसरत गेला. त्याच्याकडे अनेक प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता आहे. पैदाशीच्या कळपांच्या यादीत तो होता, ब्रॉयलरच्या यादीत नव्हता. यादी एकदा ठरवून वीस वर्षे तशीच ठेवली की यादीबाहेरच्याला रान मोकळे मिळते. दर काही वर्षांनी रुग्णालयांत काय सापडते ते पाहून शेडमधल्या तपासणीची यादी बदलली पाहिजे.

प्रतिजैविकांचा विषय इथे टाळता येत नाही. शेडमध्ये काही पक्षी आजारी पडले तर औषध पिण्याच्या पाण्यातून सगळ्यांनाच दिले जाते. हजारो पक्ष्यांमधून आजारी तेवढे वेगळे काढणे शक्य नसते. त्यामुळे आतड्यातल्या प्रत्येक जंतूची त्या औषधाशी गाठ पडते. अमेरिकेत १९९५-९६ मध्ये कोंबड्यांसाठी फ्लुओरोक्विनोलोन गटातल्या औषधांना परवानगी मिळाली. लवकरच माणसांतल्या कॅम्पिलोबॅक्टरवर त्याच गटातली औषधे निष्प्रभ ठरू लागल्याचे दिसले. २००० मध्ये औषध प्रशासनाने परवानगी मागे घेण्याची प्रक्रिया सुरू केली. उत्पादकाने विरोध केला. या गटातल्या एन्रोफ्लॉक्सासिनवरची बंदी प्रत्यक्षात आली ती सप्टेंबर २००५ मध्ये. ऑस्ट्रेलियाने ही औषधे खाद्यप्राण्यांना कधी द्यायलाच परवानगी दिली नाही, आणि तिथल्या कोंबड्यांमधल्या कॅम्पिलोबॅक्टरमध्ये हा प्रतिकार बराच काळ अगदी कमी राहिला.

कॅनडातले उदाहरण मला या सगळ्यांत महत्त्वाचे वाटते, कारण तिथे देखरेखीने एक गोष्ट जवळजवळ घडत असताना पकडली. क्युबेक प्रांतातल्या हॅचऱ्यांमध्ये, म्हणजे अंडी उबवण्याच्या केंद्रांत, पिल्लू बाहेर येण्यापूर्वीच अंड्यात सेफ्टिओफर हे प्रतिजैविक टोचले जात होते. राष्ट्रीय देखरेख कार्यक्रमात दुकानातल्या कोंबडीच्या मांसाचे नमुने आणि रुग्णांमधले जंतू शेजारी ठेवून पाहिले जात. हायडलबर्ग या साल्मोनेला प्रकारात या औषधाचा प्रतिकार दोन्हीकडे बरोबरीने वर चढताना दिसला. २००५ मध्ये हॅचऱ्यांनी आपण होऊन वापर थांबवला, आणि प्रतिकार दोन्हीकडे उतरला. दोन वर्षांनी वापर अंशतः पुन्हा सुरू झाला, तर तो परत वर सरकू लागला. हॅचरी, दुकान आणि रुग्ण या तिन्ही ठिकाणची नोंद एकत्र नसती तर हे कुणाच्याच ध्यानात आले नसते. फार्मचा कागद पशुसंवर्धन खात्यात, मांसाचा अन्न खात्यात, रुग्णाचा आरोग्य खात्यात, आणि तिघांची एकमेकांशी ओळख नाही, ही रचना जिथे असेल तिथे पहिली दुरुस्ती तीच करावी.

आता पाळणाऱ्याकडे येऊ, कारण या चर्चेत त्याच्यावर बोट ठेवणे फार सोपे असते. करार पद्धतीत पिल्ले कंपनी देते, फीड कंपनी देते, औषधे तिचीच, उचलीचा दिवस तीच ठरवते. शेड, वीज, पाणी आणि मेहनत पाळणाऱ्याची. साल्मोनेला पैदाशीच्या कळपातून अंड्यावाटे, हॅचरीतून किंवा फीडमधून आलेला असू शकतो. यातले काहीच त्याच्या हातात नाही. अशा वेळी बाधित निकालाचा सगळा भार त्याच्या मोबदल्यातून कापला, तर तो तपासणीकडे शत्रू म्हणूनच पाहील. मोजे शेडच्या कोरड्या कोपऱ्यातून फिरतील, नमुना उन्हात पडून राहील. ही मानवी गोष्ट आहे आणि कार्यक्रम आखतानाच तिचा विचार करायला हवा. निकालाचा भार निर्णयाच्या वाट्याप्रमाणे विभागला पाहिजे. हॅचरीत जंतू निघाला तर कंपनीने सोसावे. फीडमध्ये निघाला तर फीड बनवणाऱ्याने. शेडच्या दारात बूट बदलले जात नसतील, उंदीर मोकाट असतील, दोन बॅचमध्ये शेड नीट धुतली जात नसेल, तर पाळणाऱ्याने.

स्वीडनने हे फार लवकर ओळखले. १९५३ मध्ये अल्वेस्टा इथल्या कत्तलखान्यातून साल्मोनेला टायफिम्युरियमची मोठी साथ पसरली. सुमारे ९,००० माणसे आजारी पडली, ९० दगावली. त्यातून उभा राहिलेला नियंत्रण कार्यक्रम आजही चालू आहे. तिथे साल्मोनेला सापडलेला ब्रॉयलर कळप बाजारात जात नाही. पण बाधित फार्मच्या नुकसानीचा काही भाग उचलायला सरकार पुढे आले, त्यामुळे कळवणाऱ्याला लपवणाऱ्यापेक्षा जास्त तोटा होण्याची भीती राहिली नाही. १९९५ मध्ये युरोपीय संघात जाताना स्वीडनने आणि फिनलंडने बाहेरून येणाऱ्या कोंबडीवरही साल्मोनेला तपासणीची अट मान्य करून घेतली.

पाळणाऱ्याला निकालाचा उपयोगही व्हायला हवा, नुसता धाक नको. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात काही शेडच्या हवेच्या झरोक्यांना माश्या अडवणाऱ्या जाळ्या लावल्या, काहींना लावल्या नाहीत, आणि दोन्हींकडच्या कळपांचे निकाल तुलनेला ठेवले. जाळ्या नसलेल्या शेडमध्ये ५१ टक्के कळप कॅम्पिलोबॅक्टरने बाधित निघाले, जाळ्या असलेल्यांत १५ टक्के. प्रत्येक हवामानात जाळ्यांनी एवढाच फरक पडेल असे नाही. उष्ण प्रदेशात उघड्या बाजूंच्या शेडला तर हा उपाय जसाच्या तसा लागूच होत नाही. पण स्वतःच्या शेडचे बॅचमागून बॅच निकाल हाती असतील तरच पाळणारा असे काही करून पाहू शकतो आणि त्यावरचा खर्च वसूल झाला का ते ठरवू शकतो. निकाल कंपनीच्या संगणकातच पडून राहिले तर त्याला अंधारातच हातपाय मारावे लागतात.

आकडे जाहीर केले तर घबराट पसरेल, धंदा बसेल, हा आक्षेप हमखास येतो. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने नोव्हेंबर २०१४ मध्ये किरकोळ विक्रीच्या मोठ्या साखळ्यांची नावे घेऊन त्यांच्या कोंबडीतल्या कॅम्पिलोबॅक्टरचे आकडे प्रसिद्ध केले. त्या वर्षभराच्या पाहणीत ७३ टक्के कोंबड्यांवर जंतू होता आणि १९ टक्क्यांवर तो ग्रॅममागे हजाराच्या वर होता. लोकांनी कोंबडी खाणे सोडले नाही. दुकानांनी मात्र पुरवठादारांना जाब विचारला, आणि पुढच्या काही वर्षांत जास्त दूषित कोंबड्यांचे प्रमाण एका आकडी टक्क्यांवर आले. इथे एक गुंता झाला, तोही सांगायला हवा. नमुना मानेच्या कातडीचा घेतला जाई, कारण सोललेली कोंबडी लटकताना सगळे पाणी तिथे ओघळते. काही कत्तलखान्यांनी ती कातडीच छाटायला सुरुवात केली. सर्वांत दूषित भाग निघून गेला हे चांगलेच झाले, पण आधीच्या आकड्यांशी तुलना करणे अवघड झाले आणि २०१६ मध्ये पाहणी काही काळ थांबवून नमुन्याची पद्धत नव्याने ठरवावी लागली. मोजमाप कुठे होते हे कळले की माणसे त्या जागेला आधी सावरतात. म्हणून एकाच ठिकाणचा आकडा पुरत नाही. शेड, कत्तलखाना आणि विक्री या तिन्ही ठिकाणी नमुने हवेत.

त्यातही कुठून सुरुवात करायची असे विचारले तर मी शेडपासून म्हणेन. शीतसाखळी आणि मोठे कत्तलखाने असलेल्या देशांना बाधित कळप गोठवणे, तो दिवसाच्या शेवटी कापणे, त्याचे मांस शिजवलेल्या पदार्थांकडे वळवणे असे पर्याय असतात. जिथे पक्षी जिवंत विकले जातात आणि विखुरलेल्या ठिकाणी कापले जातात, तिथे शेडच्या दारातून गाडी बाहेर पडली की पुढे कुणाच्याच हातात काही राहत नाही. अशा ठिकाणी कत्तलखान्याच्या मर्यादेचा नियम कागदावरच राहील, आणि शेडमधली तपासणी हीच एकमेव खरी संधी असेल. छोट्या पाळणाऱ्याला खर्च परवडणार नाही हा मुद्दा मला मान्य आहे. म्हणूनच पहिल्या टप्प्यात नमुन्याचा आणि प्रयोगशाळेचा खर्च सार्वजनिक पैशातून व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात वर्षाला ६० कोटी लोक आजारी पडतात आणि ४ लाख २० हजार मरतात. मरणाऱ्यांत जवळजवळ एक तृतीयांश पाच वर्षांखालची मुले असतात. हा सगळा भार कोंबडीचा नाही, पण त्यातला कोंबडीचा वाटा किती हे न मोजता सांगता येणार नाही.

पहिले वर्ष पायाभूत पाहणीचे असावे आणि ती सगळ्या ऋतूंतून व्हावी, कारण कॅम्पिलोबॅक्टर अनेक हवामानांत ऋतूप्रमाणे चढतो-उतरतो. नमुना उचलीच्या आधी, शक्य तितका जवळ, आणि शेड दोनदा रिकामी होत असेल तर दोन्ही वेळा घ्यावा. सापडलेला प्रत्येक जंतू जपून ठेवावा, त्याचा प्रकार आणि औषधांना तो दाद देतो का हे नोंदवावे, म्हणजे उद्या रुग्णालयातल्या जंतूशी ताडून पाहता येईल. औषधांच्या वापराची नोंद त्याच कागदावर असावी. निकाल आधी पाळणाऱ्याला मिळावा. त्या वर्षी कुणाला दंड करू नये. कंपन्या आणि कत्तलखाने यांची नावानिशी आकडेवारी मात्र पहिल्या वर्षापासून खुली असावी. आणि दुसऱ्या वर्षी लागू होणारी मर्यादा, तिची तारीख आणि ती ओलांडल्यावरची कारवाई, हे तिन्ही पहिला नमुना घेण्याच्या आधीच जाहीर झालेले असावे.